जैतुनबी गप्प झाली तेव्हा

भोसरीच्या एमआयडीसीत जैतुनबी मुलाणीला कुणी फसवून दाखवावं, अशी खुशाल पैज लावावी. जुन्या कपड्यांची पोती आणायची, त्यातलं सुती निवडायचं, बटणं आणि चेन कापून टाकायच्या आणि वर्कशॉपवाल्यांना मशीन पुसायला लागतात तेवढ्या चिंध्या फाडून द्यायच्या, हा तिचा धंदा. पोत्यात खाली टेरिकॉट दडवून आणलं तर ती वरून नुसता हात फिरवायची आणि म्हणायची, "ने परत, भावा. दुसरी म्हातारी शोध." भंगारवाला मुकाट्यानं पोतं उचलायचा.

आणि बोलायची किती! शेडमध्ये तिची भागीदार कुसुमताई, बीडकडची, दिवसभर हूं हूं करून करून थकायची. जैतुनबीच्या पोटात काही म्हणून राहायचं नाही. परंड्याच्या भावानं वाटणीत काय केलं, तस्लीमच्या कंपनीत कुणाचं कुणाशी बिनसलं, आपल्याला रात्री झोप का लागत नाही, हे दूधवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. तस्लीम म्हणजे तिची एकुलती एक लेक. तळवड्याच्या आयटी पार्कात एका कॉल सेंटरला होती. आईचं हे वागणं बघून ती डोक्याला हात लावायची.

झोप न लागण्याचं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नवरा दस्तगीर आजारी असताना एका सकाळी जैतुनबी माल पोचवायला म्हणून तासाभरासाठी शेडवर गेली आणि तेवढ्यात तो गेला. जवळ कुणी नव्हतं. ती सल तिच्या काळजात रुतून बसली होती. बोलबोल बोलायची ती बहुधा त्यामुळंच.

अशात गल्लीतल्या बायकांनी तिला रहाटणीला नेलं. तिथं एका भाड्याच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी एक हजरत बायकांची मजलिस घ्यायचे. माणूस गोरागोमटा, अत्तर लावलेला, आवाज असा मऊ की ऐकतच राहावं. पैशाला शिवायचे नाहीत. जैतुनबीनं पहिल्याच दिवशी पाकीट पुढं केलं, तर त्यांनी हात जोडून नाही म्हटलं. झालं! आयुष्यभर पोती तपासलेल्या बाईनं हे पोतं न तपासताच घरात घेतलं. हजरत तिला आतल्या खोलीत बसवून तिचं सगळं ऐकून घ्यायचे, मध्ये एकदाही तोडायचे नाहीत. असं ऐकणारं माणूस तिला जन्मात भेटलं नव्हतं. तिला झोप लागायला लागली, हेही खरंच. त्या बदल्यात हजरतनी एकच गोष्ट मागितली. इथलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही, सांगितलं की बरकत जाते.

महिने गेले. एका गुरुवारी जैतुनबीनं तस्लीमच्या लग्नाचा विषय काढला आणि हजरतना इस्तिखारा करायची विनंती केली. एखादा निर्णय घेण्याआधी अल्लाहला वाट विचारायची, त्यासाठी दोन रकात नमाज पढून दुआ मागायची, तो इस्तिखारा. आपल्याला कुठं एवढं जमतंय, मोठ्या माणसाकडून करून घ्यावा, असा आपल्याकडं रिवाजच पडून गेलाय. पुढच्या गुरुवारी हजरतनी डोळे मिटून जवाब सांगितला. तस्लीमचा निकाह खुद्द त्यांच्याशीच व्हायचा होता. त्यांचं घर, बायको, पोरं होती, पण हुकूम वरून आला होता, त्याला ते तरी काय करणार! गाजावाजा नको, पुढच्या गुरुवारी याच हॉलमध्ये दोन साक्षीदार आणून उरकून टाकायचं. मुलीलाही तोवर कळता कामा नये. मग ते हळूच म्हणाले, "दस्तगीरची रूह तडफडतेय. शेवटच्या घडीला तू त्याच्याजवळ नव्हतीस. आता तरी घरावरचं हे सावट जाऊ दे."

जैतुनबी हादरली. ही गोष्ट यांना कशी कळली? वरून कळल्याशिवाय कळेलच कशी!

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये फक्त कात्रीचा आवाज. कुसुमताईला आधी बरं वाटलं. दुपारपर्यंत चैन पडेना. भाकरी सोडायच्या वेळी जैतुनबीनं मिरचीच्या भावाबद्दलसुद्धा अवाक्षर काढलं नाही, तेव्हा ती घाबरली. तिनं सरळ शटर अर्धं खाली ओढलं आणि जैतुनबीच्या पुढ्यात बसली. तासभर खोदून खोदून विचारल्यावर धरण फुटलं. जैतुनबीनं रडत सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की दस्तगीरचं ते त्यांना कळलं, म्हणजे माणूस पोचलेलाच असणार.

कुसुमताईनं कात्री बाजूला ठेवली.

"अगं बये, तूच सांगितलं असशील की. मला कितीदा सांगितलंस. दूधवाल्याला सांगितलंस. त्या कंडक्टरला ठाव हाय. मग त्यांनाच तेवढं नसेल होय सांगितलं?"

जैतुनबीनं डोळे पुसले. आठवलं. पहिल्याच गुरुवारी सांगितलं होतं, पदराला नाक पुसत, सगळं. तिला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. कुसुमताईनं तिला हिणवलं नाही. आपल्या गावच्या एका महाराजापायी आपली थोरली बहीण कशी उद्ध्वस्त झाली आणि तेव्हाही घरचे कसे तोंडाला कुलूप लावून बसले होते, ते तिनं सांगितलं आणि म्हणाली, "तुमच्यातलं तुमच्या मौलानांना विचार. पण आजच विचार."

मौलाना इद्रीस वस्तीतल्या मशिदीचे इमाम, लातूरकडचे, तरुण. जैतुनबीला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यांनी बायकोलाही शेजारी बसवून घेतलं आणि दार उघडंच ठेवलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले की इस्तिखारा ज्याचा त्यानं करायचा असतो, त्याला दलाल लागत नाही. मुलीच्या मर्जीशिवाय निकाह होत नाही, आणि लपवायला सांगतात तिथं काहीतरी काळंबेरं असतंच. मग मान खाली घालून त्यांनी कबूल केलं की या हजरतबद्दल कुजबुज त्यांच्याही कानावर आली होती. कौमची बदनामी नको म्हणून मशिदीची कमिटी गप्प बसली, तेही गप्प बसले.

"व्वा मौलाना," जैतुनबी म्हणाली. "नाव तुम्ही जपलं, आणि भोगायचं आमच्या पोरींनी."

त्यावर मौलानांनी सबब सांगितली नाही. गुरुवारी कमिटीच्या लोकांना घेऊन येतो, म्हणाले. उठताना त्यांनी विचारलं, तस्लीमचं काय म्हणणं आहे? जैतुनबीनं पदर सारखा केला आणि दाराकडं वळली.

गुरुवारी हॉल भरला होता. जैतुनबी एरवी मागं बसायची, ती पुढं जाऊन बसली. मौलाना आणि कमिटीचे चौघे दाराशी उभे राहिले. हजरतनी तिला आत यायची खूण केली. ती उठली, पण आत गेली नाही. मोठ्यानं म्हणाली, "आत नको, हजरत. माझ्या पोरीबद्दल तुम्हाला जो हुकूम आला, तो इथं सगळ्यांसमोर सांगा."

हजरत हसले, आपा जरा आजारी दिसतात म्हणाले. मग जैतुनबीनंच सांगितलं, पहिल्यापासून, काही न वगळता. हयातभराच्या बडबडीचं त्या दिवशी सोनं झालं म्हणायचं! आणि मग कोपऱ्यातून दिलशाद उठली, काळेवाडीच्या एका रिक्षावाल्याची बायको. तिच्या धाकट्या बहिणीसाठी हाच जवाब आला होता. तिनं बहिणीला गावी पाठवून दिलं होतं, आणि त्याच धसक्यानं वर्षभर ती स्वतः आजारी होती. तिच्या पाठोपाठ आणखी एक उठली. बिचाऱ्या एकमेकींना खेटून बसायच्या दर गुरुवारी, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नव्हतं.

हजरतचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. जैतुनबीकडं बोट करून त्यांनी बददुआ दिली, तुझ्या पोरीच्या रूपानंच तुला हे फेडावं लागेल म्हणून. मौलाना मध्ये पडले, हॉलमालकाला बोलावलं, मजलिस तिथंच मोडली. दिलशाद आणि जैतुनबी पोलीस चौकीवर गेल्या तेव्हा मौलाना सोबत होते, आणि त्या शुक्रवारी नमाजच्या प्रवचनाआधी, खुतब्याआधी, त्यांनी नाव न घेता पण स्पष्ट सांगितलं की कुणीही, अगदी मी स्वतः, एकट्या बाईला बंद खोलीत बसवलं किंवा गप्प राहायची शपथ घातली, तर थेट कमिटीकडं या.

सगळं छान झालं. फक्त तस्लीम आईशी बोलेना. जैतुनबीनं तिला त्या गुरुवारी संध्याकाळी सगळं सांगितलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "कुसुममावशीला विचारलंस, मौलानांना विचारलंस. मला नाही विचारलंस, अम्मी." आणि आपला डबा आपण भरून कामाला जायला लागली.

पुढच्याच आठवड्यात तळवड्याच्या रस्त्यावर कुणाच्या तरी टेम्पोतून ऑइल सांडलं होतं, त्यावरून तस्लीमची स्कूटी घसरली. मनगट मोडलं. जैतुनबी धावतपळत दवाखान्यात पोचली. बददुआ! लागलीच की. कुसुमताईनं ऑइलचं सांगितलं, डॉक्टरनं ऑइलचं सांगितलं, पण तिच्या कानात तो चढलेला आवाज घुमत होता. आपण पोरीला वाचवली की घालवली, हेच तिला समजेना. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. हजरतचा खादिम, त्यांचा सेवक, बोलत होता. आवाज गोड होता. खबर समजली, वाईट वाटलं. अजून वेळ गेलेली नाही, येऊन माफी मागा, चौकीवरचा कागद मागं घ्या, हजरत बददुआ परत घेतील.

जैतुनबीनं फोन छातीशी धरला. मन म्हणत होतं, हो म्हण, पोरीच्या जिवापेक्षा मोठं काय आहे? ती तसं म्हणणारही होती. मग समोर प्लास्टर चढलेला हात पोटाशी धरून बसलेली तस्लीम तिला दिसली. पोरगी आईकडंच बघत होती, आता ही काय करते म्हणून.

"काय सांगू त्यांना?" जैतुनबीनं विचारलं.

"मला विचारतेस?"

"तुलाच. जीव तुझा आहे. तू म्हणशील तसं. मला भीती वाटतेय, खोटं नाही बोलत. पण तू म्हणशील तसंच."

तस्लीमनं धड असलेला हात पुढं केला आणि फोन घेतला. कॉल सेंटरच्या त्या धुतल्यासारख्या स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "नमस्कार, मी तस्लीम मुलाणी बोलतेय. माझं मनगट मोडलंय, ते जुळेल असं डॉक्टर म्हणालेत. तक्रार मागं घेणार नाही, उद्या माझीही एक देणार आहे. आणि हा कॉल रेकॉर्ड होतो आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

"खरंच रेकॉर्ड होत होतं?" जैतुनबीनं विचारलं.

"कुठलं. तुझ्या या डबड्यात होतंय होय रेकॉर्ड?"

जैतुनबी हसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. तस्लीम सरकून तिच्या शेजारी येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी इतक्या जवळ बसली होती.