चादरीच्या पुठ्ठ्यांवरचं जीवशास्त्र

जीवशास्त्रात शंभरपैकी अकरा गुण मिळाले म्हणून कोणी मरत नाही, असं मी आमच्या सुमीला सांगितलं. हेडबाईंनी मला सांगितलं, की पुढच्या चाचणीत पस्तीस आले नाहीत तर तिचा मॅट्रिकचा फॉर्म भरला जाणार नाही!

त्याच सुमारास मी मासिकात वाचलं, की परदेशात यंत्रं मुलांना शिकवतात. आमच्या शेजारच्या अंबादासच्या चादरी विणायच्या मागावर जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं होती. चादरीवर मोर कुठं उमटायचा, हे त्यांवरची भोकं मागाला सांगत. मागाला मोर समजतो, तर सुमीला मूत्रपिंड का समजू नये?

"कोरी कार्डं न्या की, काका," अंबादास म्हणाला. "पण माग उलटं बोलत न्हाय. पोरीचं सांगता येत न्हाय!"

मी एकशेवीस कार्डं केली. वर प्रश्न, खाली चार उत्तरं, प्रत्येकापुढे भोक. प्रत्येक कार्डाच्या पाठीला दुसरा पुठ्ठा चिकटवला; त्याला भोक फक्त बरोबर उत्तरामागे. विणायची सुई आरपार गेली, की उत्तर बरोबर! (भोकं फूटपट्टीनं मोजून पाडली होती.)

सुमी आणि तिच्या दोन नापास मैत्रिणी खिडकीत बसून सराव करू लागल्या. पहिल्या दिवशी एकतीस बरोबर. चौथ्या दिवशी तिघींचेही एकशेवीसपैकी एकशेवीस! मी आलेख काढला. रेघ इतकी चढली, की वर जादा कागद चिकटवावा लागला.

"अहो, पोरी प्रश्न वाचतच नाहीत," ही म्हणाली. "नुसतं बघतात न् सुई खुपसतात."

"त्याला प्रावीण्य म्हणतात!"

मी जीवशास्त्राच्या बाईंना आलेख बघायला घरी बोलावलं. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून बाईंनी खिडकी लावून घेतली आणि एक कार्ड सुमीला दिलं. "सांग, हृदयाला कप्पे किती?"

सुमीनं कार्ड डोळ्यांसमोर धरलं, वर केलं, खाली केलं. "बाई, खिडकी उघडू?"

"कशाला गं?"

"बरोबर उत्तराच्या भोकातनंच उजेड येतो की!"

मी आलेखाची गुंडाळी केली.

"ही कार्डं लिहिली कोणी?" बाईंनी विचारलं.

"मी. पुस्तक चार वेळा वाचून."

बाईंनी मलाच दहा प्रश्न विचारले. दहाही बरोबर! "आता पोरींना लिहू द्या," त्या म्हणाल्या.

पोरींनी सगळी कार्डं पुन्हा स्वतः लिहिली. चाचणीत सुमीला एकेचाळीस मिळाले, फॉर्म भरला गेला.

"लिहिता लिहिताच पाठ झालं, आप्पा," ती म्हणाली. "भोकं पाडलीच नाहीत!"

थोडक्यात, माझ्या यंत्रातलं यंत्र तेवढं काढून टाकलं, तर ते उत्तम चालत होतं!