बसायचं नाही

माझी पाच वर्षांची मुलगी बसायची बंद झाली. जेवण उभ्यानं, चित्रं काढणं उभ्यानं. शाळेत बाईंनी बाकावर बसवलं तर किंचाळली. रिक्षात दांडी धरून उभी राहायची. नव्या पेठेत करकचून ब्रेक लागला की माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. मी जरा टेकले की हात ओढून मलाही उठवायची. मी मुळातच तापट, त्यात दिवसभर ही उठाठेव. घरात दोघीही नुसत्या फिरत असायचो.

डॉक्टरांनी गुडघे, कंबर तपासली. काही नव्हतं. मग शाळेनं खेळातून मुलांवर उपचार करणाऱ्या एका ताईंकडे पाठवलं. भवानी पेठेत एका दवाखान्याच्या माडीवर त्यांची खोली होती. चटई, बाहुल्या, भातुकली आणि वाळू भरलेला पसरट ट्रे. दुखणं पायाचं आणि औषध बाहुल्यांचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असं मी मनात म्हणाले.

ताई तिला काही विचारायच्या नाहीत. मलाही मध्ये बोलायची बंदी. ते फार जड गेलं. ही खोलीभर फिरायची, मी दाराशी चुळबुळत उभी.

एके दिवशी तिनं वाळूत खड्डा केला. म्हातारा बाहुला घेतला, त्याचे गुडघे वाकवून त्याला आत बसवलं, तळहातावर बटण ठेवलं आणि वरून वाळू लोटली.

माझी चुळबुळ थांबली. दिवाळीनंतर माझे सासरे, तिचे अज्जा, गेले होते. आम्हा लिंगायतांत मयताला बसवूनच माती देतात, हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. वळसंगच्या शेतात त्यांना माती देताना मुलगी नणंदेच्या कडेवर होती. तिनं विचारल्यावर नणंद म्हणाली होती, "अज्जा बसलेत की गं, पूजा करालेत." आम्हा सगळ्यांनाच ते उत्तर गोड वाटलं होतं.

"आता त्यांना हलता येत नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"जो बसतो त्याच्यावर माती टाकतात," मुलगी म्हणाली.

ताईंनी माझ्याकडे पाहून मानेनंच बोलायची खूण केली. मी तिच्याजवळ गेले. "अज्जा आधी मेले गं. आजारी होते ना? मेल्यावर आपण त्यांना बसवलं. बसले म्हणून नाही मेले."

"डोळ्यात माती गेली की."

"मेल्यावर काहीच दुखत नाही, बाळा."

त्या दिवशी ती बसली नाही. पुढे कित्येक दिवस बाहुला पुरायची, काढायची, पुसायची, पुन्हा पुरायची. घरी गव्हाच्या डब्यात चमचे पुरले. माझा धीर सुटत होता. ताई म्हणायच्या, खेळू दे, तिचं अजून संपलेलं नाही.

मग एकदा तिनं बाहुला बाहेर काढून बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, "मम्मी, तू बस. मी बघते."

मी चटईवर बसले. ती दाराकडे बघत होती, मग माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती. हलले तर सगळं मोडेल असं वाटत होतं. माती घेऊन कोणीच आलं नाही. मग ती हळूहळू माझ्या मांडीवर टेकली, माझे दोन्ही हात ओढून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवले.