मातीसकट रोप

बाहेरून येणाऱ्या जीवांची माझ्या चुलतसासऱ्यांइतकी धास्ती खुद्द बेटांनीही कधी घेतली नसेल. अंदमानात बाहेरचे कोणते रोप, कोणता प्राणी येऊ द्यायचा नाही आणि आलेला कसा हटवायचा, याच्या सरकारी धोरणाचे मसुदे करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते चेन्नईत एग्मोरला राहायला आले, पण धोरण काही निवृत्त झाले नाही. उंबऱ्याबाहेर चपला आपटून माती झाडल्याशिवाय पाहुण्याला कॉफी मिळत नसे. कोथिंबिरीच्या जुडीत नखाएवढी गोगलगाय निघाली, तर आठवडाभर घरात कोथिंबीर बंद. शेजारणीने हौसेने ससा पाळला, तेव्हा पिंजऱ्याची कडी तपासायला हे रोज सकाळी तिच्या दारात हजर. शेवटी कंटाळून तिनेच ससा देऊन टाकला.

लग्न होऊन मी पुण्याहून या तंजावरी मराठी घरात आले, तेव्हा एकदा न राहवून विचारले, "काका, आपले पूर्वजही बाहेरूनच आले की इथं!"

ते जराही न हसता म्हणाले, "आपण आलों, तमिळ शिकलों. गोगलगाय शिकते काय?"

काकू गेल्या आणि अंदमानात राहणाऱ्या मुलीने त्यांना कायमचे आपल्याकडे बोलावले. येताना आईची मोगऱ्याची कुंडी तेवढी आणा, म्हणाली. आईच्या हातची तीच एक जिवंत गोष्ट उरली होती. आता मातीसकट रोप बेटावर न्यायचे नाही, हे कलम काकांनी स्वतःच लिहिलेले. मातीतून गोगलगाईची अंडी जातात म्हणून. चार दिवस ते त्या कुंडीभोवती घिरट्या घालत राहिले. पाचव्या दिवशी कुंडी मांडीवर घेऊन बंदराच्या रिक्षात माझ्याशेजारी बसले. आम्हाला वाटले, विरघळले.

बंदरावर त्यांनी ती तपासनिसापुढे ठेवली आणि तमिळमध्ये सांगितले, "यात माती आहे. जप्त करा." तो हसला. "घेऊन जा सार, एका कुंडीनं काय होतंय?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. दुसऱ्या कोणी अडवले असते, तर मुलीला सांगायला तोंड राहिले असते. मग त्यांनी स्वतःच कुंडी उचलून माझ्या हातात दिली आणि मागे न बघता जहाजाकडे निघाले. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मुलगी महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. आता दर रविवारी ती मला व्हिडिओ कॉल करून झाड बघते. काका तिच्या मागे, पेपर वाचत असल्यासारखे. परवा पहिली कळी आली, तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, या की पुढं." ते आले, चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले. मग मला म्हणाले, "दुपारी पाणी घालूं नको, पोरी. तुझी काकू सकाळींच घालत होती."