बसाप्पाचा हात

कट्ट... कडकट्ट. तारयंत्र वाजायचं ते मागं खोचलेल्या तंबाखूच्या रिकाम्या डब्यात, म्हणजे आवाज मोठा यायचा. मी कोल्हापुरात तारा वाटायचो. तार ज्याची त्याच्या घरी जायची. किस्सा मात्र माझ्याच सायकलवर बसून परत यायचा. असे किती साठले!

*

तारवाला दिसला की लोक आधी रडायचे, मग तार उघडायचे. एका आजीनं नातवाच्या नोकरीच्या तारेवर रडून गल्ली गोळा केली. तेव्हापासून आमचे ऑपरेटर अण्णा तार देतानाच सांगायचे, "गोड हाय." मग मी दारातूनच म्हणायचो, "पेढं आणा की."

पुढं एका दारात मी गप्प उभा राहिलो. आतले म्हातारे चपला शोधत म्हणाले, "कळलं. कोण गेलं तेवढं सांग."

*

तारेच्या गडहिंग्लजकडच्या टोकाला ऑपरेटर बसाप्पा होता. त्यानं आणि अण्णांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण चाल ओळखू येते तसा ऑपरेटरचा हात ओळखू येतो. काम संपलं की बसाप्पा निरोपाच्या दोन बारीक टिचक्या मारायचा.

एकदा अण्णा म्हणाले, "बसाप्पा आजारी हाय."

"त्यानं कळवलं व्हय?"

"न्हाय. हात कण्हतोय त्याचा."

त्याच आठवड्यात बसाप्पा गेला.

*

नव्वद साल उलटल्यावर नवी मशिनं आली. जुनं यंत्र भिंतीला तसंच राहिलं, तारा तेवढ्या कापल्या. एका दुपारी डब्यात टिक् टिक् झालं.

"उंदीर असंल," मी म्हटलं.

अण्णांनी चहा खाली ठेवला. "उंदीर दोनावरच थांबतोय व्हय रं?"

*

मग एकदा बसाप्पाची लेक आली. लांब दिलेली. बाप गेला तेव्हा पोचली नव्हती.

"काका, अप्पाचा हात तुम्ही ओळखत होता म्हणं. एकदा ऐकवा की. माझी शेवटची भेट ऱ्हायली."

"पोरी, तारा कापल्यात."

"मग बोटानं वाजवा."

अण्णांनी डब्यावर नखानं तिचं नाव वाजवलं. बसाप्पासारखं, शेवटाला जरा रेंगाळत. मग थांबले.

"पुढच्या दोन टिचक्या त्याच्या. त्या मी न्हाय मारणार." आणि दोन्ही हातांनी डोळे पुसायला लागले.

डब्यात टिक् टिक् झालं.

पोरीनं अण्णांच्या हातांकडं पाहिलं. मग दाराशी उभ्या माझ्याकडं. पुढं होऊन तिनं डब्यावर तळवा ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. थोड्या वेळानं पदर सावरला आणि पायऱ्या उतरून गेली.