शेपटीचा गरीब

परसराम मेश्राम रिटायर झाला तेव्हा साऱ्या वरठीला वाटलं, आता हा माणूस जरा गप्प बसेल. झालं उलटंच. मराठी, हिंदी आणि शिव्या या तीन भाषा त्याला कमी पडायला लागल्या आणि त्याने चौथी धरली. तीही कोणती, तर आफ्रिकान्स.

कारखान्यात आम्ही दोघं एकाच शिफ्टला होतो, त्यामुळे त्याची सगळी खुळं आधी माझ्याच डोक्यावर येतात. पण या खुळामागे कारण होतं. त्याचा एकुलता एक अश्वजित. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी हा पोरगा जन्मला, म्हणून 'अर्धा जिल्हा गेला अन् पोरगा आला' असं परसराम सगळ्यांना सांगत असतो. हा अश्वजित दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला इंजिनियर आहे. तिथे त्याचं आनेके नावाच्या गोऱ्या मुलीशी जुळलं. मुलगी हसरी, मोकळी. अडचण होती ती तिच्या बापाची. हेन्ड्रिक त्याचं नाव, मेंढ्यांचा मोठा शेतकरी. हिंदुस्थानातला हा कंगाल पोरगा आपल्या जमिनीवर डोळा ठेवून पोरगी पटवतो आहे, असा त्याचा पक्का संशय. आनेकेने स्पष्ट सांगून टाकलं होतं, की बापाने हो म्हटल्याशिवाय ती लग्न करणार नाही.

शेवटी ठरलं, की एका रविवारी दोन्ही घरं व्हिडिओ कॉलवर भेटतील आणि मग हेन्ड्रिक काय ते सांगेल. अश्वजितने बापाचं तोंड जन्मापासून पाहिलेलं होतं. त्याने आधीच बजावलं, की बाबा, तुम्ही जय भीम म्हणा, हसा, बाकीचं मी बोलतो.

हे परसरामला फार लागलं. स्टेशनबाहेरच्या टपरीवर त्याने चहा तसाच ठेवला.

"जनमभर आपल्याबद्दल दुसरेच बोलत आले, इश्वर," तो मला म्हणाला. "आता पोराच्या लग्नातबी मी मुकाच राहू का?"

मी म्हटलं, मग बोल ना मराठीत, पोरगा सांगेल त्याला. तर म्हणे, पोरगा सांगेल म्हणजे गाळून सांगेल. हेन्ड्रिकरावाशी त्याच्याच भाषेत बोलायचं, एकच वाक्य, पण ठणठणीत. इथे व्याही अजून व्याही झाला नव्हता आणि याने त्याला राव लावूनही टाकलं होतं.

पोराला न कळवता त्याने आनेकेलाच गुरू केलं. ती बिचारी हळूहळू इंग्रजीतून समजावायची, हा कारखान्यातल्या इंग्रजीतून समजून घ्यायचा. आणि दोघं येऊन अडकले ते विशेषणांत.

आपल्याकडे पोरगा चांगला, पोरगी चांगली, पोरगं चांगलं. तिकडे तसला भेद नाही, बाई काय नि बुवा काय, सारखेच. तिथे विशेषण जागा पाहून वागतं. नामाच्या आधी उभं राहिलं, की पुष्कळांना मागे 'ए'ची शेपटी फुटते. वाक्याच्या शेवटी एकटं पडलं, की शेपटी गळते. 'हा महत्त्वाचा आहे' म्हणायचं तर नुसतं 'बेलांगरिक', पण 'महत्त्वाचा माणूस' म्हणायचं तर 'बेलांगरिके'.

"सायब समोर असला का शर्ट आत, सायब गेला का बाहेर," परसरामने मला समजावलं. "आपल्या कारखान्यासारखंच हाय."

म्हाताऱ्याला 'ओउट' म्हणतात, पण नामाआधी आला की त्याचा 'ट' पडून नुसता 'ओउ' उरतो. म्हाताऱ्याचा दात पडायचाच, यावर परसराम दिवसभर खूश होता. लहान लहान शब्दांना मात्र बहुधा शेपटी लावायची नसते, असंही आनेकेने सांगितलं होतं. ते त्याने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं, कारण तोवर त्याला शेपट्यांची चटक लागली होती. टपरीवर तो 'गरमे चाय' मागायचा. बायको धुरपताने पिठाच्या गिरणीत जायला सांगितलं तर 'थकेले मानूस' म्हणून कूस बदलायचा. धुरपता सानगडीची, ती असल्याला दाद देत नाही. एकदा तिने डबा त्याच्या पोटावरच आणून ठेवला.

आता त्याचं ते वाक्य. आमच्याकडे पोराची खरी तारीफ करायची तर पोरगा गरीब आहे म्हणतात. गरीब म्हणजे खिसा रिकामा असा नाही. कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, उलटून बोलणार नाही, असा. परसरामने फोनमध्ये 'गरीब' टाकलं, फोनने 'आर्म' दिलं. पुढे माणूस हा शब्द येतो, म्हणजे शेपटी पाहिजेच, असा हिशेब करून त्याने 'आर्मे' केलं. हे कोणालाही विचारलं नाही.

रविवारी मलाही बोलावलं होतं. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. धुरपता नवं लुगडं नेसून बसली होती. पलीकडे हेन्ड्रिक, लालबुंद, हाताची घडी घालून, थेट ठाणेदार. शेजारी आनेके आणि अश्वजित. जय भीम झालं, हसून झालं आणि अश्वजित पुढचं बोलणार तोच परसरामने घसा खाकरला.

"हेन्ड्रिकराव, मेय सियन इस अ आर्मे मान."

अश्वजितने कपाळाला हात लावला. धुरपताने मला खुणेने विचारलं, की काय बोलले हे. मला काय माहीत. तिकडे हेन्ड्रिक घडी सोडून पुढे वाकला.

त्याने आधी अश्वजितकडे पाहिलं, मग आपल्या पोरीकडे. मग त्याचं पोट हलायला लागलं आणि तो खदाखदा हसत सुटला. आनेकेकडे बोट दाखवून "या, या, आर्मे मान" असं म्हणत (त्यांच्यात 'या' म्हणजे हो) त्याने अश्वजितच्या पाठीत असा रट्टा घातला, की पोरगा फोनमधून दिसेनासाच झाला. होकार झाला होता. आनेके रडत होती, तरी हसत होती.

अर्थ संध्याकाळी अश्वजितच्या फोनवर कळला. बिनशेपटीचा 'आर्म' म्हणजे कंगाल. शेपटीचा 'आर्मे' म्हणजे बिचारा, कीव यावी असा. हेन्ड्रिकला ऐकू आलं ते असं, की माझा मुलगा बिचारा आहे हो. आपल्या पोरीचा तडाखा त्या बापाला चांगलाच ठाऊक होता; तिच्या हाती सापडलेला बिचारा जमीन काय लाटणार. तो म्हणाला म्हणे, इतकं खरं बोलणारा व्याही परत भेटायचा नाही. आणि परसरामने लहान शब्दांचा नियम धड पाळून शेपटी गाळली असती, तर माझा पोरगा कंगाल आहे असं त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं असतं.

परसराम आधी पांढरा पडला, मग लगेच फुगला. शेपटीनेच पोराचं लग्न जमवलं, असं तो मला तीनतीनदा ऐकवायला लागला. धुरपता तांदळाचा डबा जागेवर ठेवत होती. ती थांबली.

"आपलं लगन झालं तवा तुमी बिनशेपटीचे होते," ती म्हणाली. "शेपटी मले लागली."

परसरामने दळणाचा डबा उचलला आणि कोणी न सांगता गिरणीची वाट धरली. चार भाषा येतात त्याला.