दोन फ्रीज असलेलं घर

कॅनडात कायम राहण्यासाठी कॉमन-लॉ, म्हणजे लग्नाविना एकत्र राहणारे जोडीदार म्हणून अर्ज करायचा, तर किमान बारा महिने सलग एकत्र राहिल्याचा पुरावा लागतो. आमचे सोळा झाले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. बँकेचं खातं जॉइंट, विजेचं बिल दोघांच्या नावावर. एकेकदा लग्न करून झालेल्या आम्हा दोघांना पन्नाशीत पुन्हा मांडवात उभं राहायची हौस नव्हती. पण तिचं वर्क परमिट मेअखेर संपत होतं. अर्ज फसला, तर तिला वसईला परतावं लागणार होतं.

घराचे फोटोही जोडावेत, असं कुठेतरी वाचलं. मी बासष्ट काढले, प्रत्येकाला क्रमांक दिला आणि गठ्ठा घेऊन आम्ही व्हिटबीहून स्कारबरोच्या वकीलबाईंकडे गेलो. एकतिसाव्या फोटोशी त्या थांबल्या. स्वयंपाकघरातला फ्रीज, त्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी: ‘फक्त शाकाहारी’. बत्तिसावा बेसमेंटमधल्या फ्रीजचा. त्यावर तिचं नाव.

“अहो, हे तर रूममेट्सचं घर दिसतंय,” त्या म्हणाल्या.

मी जन्माचा शाकाहारी. ही वसईची कॅथलिक; माशांवाचून तिचा आठवडा जात नाही. ती राहायला आली त्याच आठवड्यात मी जुना फ्रीज खाली उतरवून घेतला होता. तवा वेगळा, सुरी वेगळी, भांडी घासायचा स्पंजसुद्धा वेगळा. मला ही व्यवस्था इतकी पसंत होती, की या मांडणीचेच मी एकूण चार फोटो काढले होते.

ते चारही काढून टाका, असं बाईंचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, घर आहे तसं दाखवायचं. शिवाय मधले चार क्रमांक गळलेले दिसतील, त्याचं काय?

परतताना गाडीत ती शांतपणे म्हणाली, “तुझ्या क्रमांकांपायी मी वसईला जायचं का?”

 घरी आल्यावर ठरवलं, की फोटो राहू द्यायचे, पण सोबत एक पान खुलासा जोडायचा. पहिलं वाक्य झालं आणि गाडी अडली. ती लसूण सोलत होती.

“लिही,” ती म्हणाली. “याला बांगड्याचा वास सोसत नाही. पण बांगडे हाच आणतो. कल्ले उघडून बघतो, डोळे बघतो, शिळे निघाले तर दुकानदाराशी हिंदीत भांडतो.”

खरंच होतं. शनिवारी सकाळी दुकानात ताजे मासे येतात आणि शनिवारीच तिची वृद्धाश्रमात ड्यूटी असते. मग दुसरं कोण जाणार? ड्रॉवरमध्ये माझ्या ग्रोसरीच्या याद्या होत्या, त्रेपन्न. जवळजवळ प्रत्येकीत दूध, कोथिंबीर, बांगडे सहा. त्याही जोडल्या.

वकीलबाईंनी दहा-बारा याद्या चाळल्या. “हे पहिल्यांदाच का नाही आणलंत?”

“त्यांवर तारखा नव्हत्या,” मी म्हणालो.

हिने कपाळाला हात लावला.

उत्तर यायला अकरा महिने लागले. तोवर तिला कामाची तात्पुरती परवानगी मिळाली होती, तरी ईमेल वाजला की दोघंही दचकायचो. ते आलं तेव्हा ती बेसमेंटच्या सिंकपाशी कोळंबी साफ करत होती. हात माखलेले, म्हणून मीच पायरीवर उभा राहून वाचून दाखवलं. अर्ज मंजूर झाला होता.

तिने नळ बंद केला.

“परत वाच,” ती म्हणाली. “हळू.”