पाताळरावांचा चेहरा

पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा चेहरा मात्र कुणाच्या लक्षात राहत नसे. चेहऱ्यात खोट अशी काही नव्हती. नाक होतं, डोळे होते, सगळं जागच्या जागी होतं. पण फोटो काढून गेलेलं गिऱ्हाईक तासाभरानं पाकीट न्यायला आलं की त्यालाच विचारी, "मघाचे फोटोवाले कुठे गेले?" तो मुकाट्यानं पाकीट पुढे करी.

दुकान म्हणजे एक खोली. मागे पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दोन दिवे, एक गोल स्टूल आणि खिळ्याला अडकवलेला काळा कोट. कोटाच्या खिशात गाठ मारून ठेवलेला टाय. ज्याला रुबाबदार दिसायचं असेल त्यानं तो चढवायचा. लठ्ठ माणसाला कोट पाठीवर उघडाच ठेवायचा, किडकिडीत माणसाला मागून चिमटे लावायचे. फोटोत फक्त पुढची बाजू येते आणि एकंदर जगाचंही पुढच्या बाजूवर भागतं, एवढं तत्त्वज्ञान फोटोवाल्याला त्या कोटानं शिकवलं होतं. ते स्वतःच्या आयुष्यात वापरायची अक्कल मात्र त्याला नव्हती.

त्याची बायको दातांच्या दवाखान्यात नंबर लावायच्या टेबलावर बसायची. दिवसभर खुर्चीला घाबरलेली माणसं बघून बघून तिला शूर माणसांचं भलतंच कौतुक वाटू लागलं होतं. आणि घरी नवरा असा, की फ्यूज उडाला तर शेजाऱ्यांना हाक मारायची आणि आपण लांबून बॅटरी धरायची. "धरता तीही हलते," असं ती म्हणे, आणि ते खरं होतं.

अशा माणसाला भुयाराचा नाद लागला, तो एका इंजिनिअरमुळे. शहराखालून पाण्याचा एक जुना बोगदा जात होता. नवे पाइप आल्यापासून तो बंद होता आणि तोंडावर 'प्रवेश बंद' अशी पाटी होती. पाणीखात्याला त्याच्या भिंतींना गेलेल्या भेगांचे फोटो हवे होते. इंजिनिअर साहेब नाकाला रुमाल लावून आत गेले आणि रुमालासकट लगेच बाहेर आले. "तुम्ही घ्या हवे तेवढे," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. फोटोवाला आत राहिला. विटांची कमान, पायाखाली बोटभर पाणी, आपल्याच पावलांचा आवाज. कुणी 'माझे कान असे का आले' म्हणून भांडत नव्हतं. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि कुणी नव्हतंच, त्यामुळे त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

काम संपलं, पण त्याचं जाणं संपलं नाही. पंपघराच्या मागे बोगद्याच्या तोंडावर एक जाळी होती, तिचा एक गज वाकलेला होता. दर आठवड्याला दुकानाच्या सुट्टीच्या सकाळी तो 'कॅमेरा दुरुस्तीला टाकतो' असं सांगून निघे आणि त्या गजाखालून आत सरके. कॅमेरा इतक्या वेळा दुरुस्त झाला, की बायकोनं दुरुस्तीवाल्याला शिव्या घालायला सुरुवात केली.

इथवर ठीक होतं. माणसाला एखादा चोरटा आनंद असावा. पण हल्ली लोकांना आनंद नुसता होऊन पुरत नाही, तो दुसऱ्यांनी बघावाही लागतो. फोटोवाल्यानं खालचे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकायला सुरुवात केली आणि स्वतःला नाव घेतलं 'पाताळराव'. वर ज्याला कुणी 'अहो फोटोवाले' याच्यापुढे हाक मारत नव्हतं, तो खाली एकदम राव झाला! दोन नियम मात्र त्यानं कडक पाळले. चेहरा दाखवायचा नाही आणि बोगद्याचं तोंड दाखवायचं नाही. व्हिडिओत फक्त गमबूट, हातमोजा आणि बॅटरीचा झोत. आवाजसुद्धा नाही. लोक वेडे झाले. बघता बघता पाताळरावांचे हजारो चाहते झाले, आणि त्यातली एक त्याच्याच स्वयंपाकघरात भाजी चिरत होती.

"बघा, बघा जरा," बायको मोबाइल त्याच्या ताटाशेजारी टेकवून म्हणायची. "एवढ्या अंधारात एकटा जातो. हात बघा, जरासुद्धा थरथरत नाही. याला म्हणतात माणूस!"

"हं," फोटोवाला म्हणायचा आणि घास गिळायचा. असं सुख आणि असा छळ एकाच ताटात फार थोड्या नवऱ्यांच्या वाट्याला येत असेल. रोज त्याच्या जिभेवर यायचं, अगं तो मीच. पण बोगद्यात जाणं गुन्हा होता, आणि बायकोच्या पोटात गोष्ट राहत नसे. शिवाय एक भीती होती, तीच मोठी. तिचा विश्वासच बसला नाही तर?

बायकोचा धाकटा भाऊ सोफ्याच्या दुकानात विक्रेता होता. रेक्झिनला अस्सल कातडं म्हणून शपथेवर विकायचा. दिसायला उंचापुरा, चालणं ऐटीत, तोंडाचा पट्टा अखंड चालू. एकदा तो जेवायला आला असताना ताईनं त्याला पाताळरावांचा व्हिडिओ दाखवला आणि सहज म्हणाली, "याचं चालणं थेट तुझ्यासारखं आहे रे."

मेहुण्यानं नाही म्हणायला हवं होतं. तो नुसता हसला, पाणी प्यायला आणि दाराकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, कुणाला बोलू नकोस हं."

ताईनं कुणाला सांगितलं नाही, म्हणजे पहिल्या दिवशी नाही. आठवडाभरात तिचा दवाखाना, मेहुण्याचं दुकान आणि दोघांच्याही गल्ल्या यांना कळलं. मेहुण्यानं गमबूट विकत घेतले आणि भर उन्हात ते घालून तो हिंडू लागला. आलेली माणसं सोफा न घेता त्याच्याबरोबर फोटो काढून घेऊ लागली.

फोटोवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात त्यानं स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट केली होती, तीही या बोलघेवड्यानं जेवता जेवता उचलली होती. त्यानं एक बेत रचला. रविवारी दुपारी मेहुणा जेवायला येणार होता. तो ताईसमोर ताटावर बसलेला असतानाच पाताळराव बोगद्यातून थेट प्रक्षेपण करणार! मग बघू कोण खरा, कोण खोटा. बेत उत्तम होता; रचणाऱ्याच्या मानानं तर फारच उत्तम.

"आइस्क्रीम घेऊन येतो," म्हणून तो सटकला. स्कूटर पंपघरामागे उभी केली, गमबूट चढवले आणि घाईघाईनं मोबाइलचं बटण दाबलं. घाई नडली. आत शिरल्यावर दाबायचं बटण त्यानं बाहेरच दाबलं. पंपघराचं पडकं धुराडं, जाळी, वाकलेला गज, त्याखालून सरकायचं कसं, सगळं जगानं नीट पाहिलं. शिकवणी घेतली असती तरी इतकं स्पष्ट झालं नसतं.

वितळलेलं आइस्क्रीम घेऊन तो घरी आला तेव्हा बायकोचा चेहरा फुललेला होता. "अहो, पाताळरावांचा व्हिडिओ आला आत्ता! आणि हा इथेच बसलाय. मी म्हटलं, हे कसं काय? तर म्हणतो, ताई, ते आधीच भरून ठेवायचं आणि वेळ लावून सोडायचं. केवढं डोकं आहे बघा!"

मेहुण्यानं नम्रपणे मान खाली घातली आणि आइस्क्रीम पातळ झाल्याची तक्रार केली.

रात्री मोबाइल उघडल्यावर आपण काय केलं ते फोटोवाल्याला कळलं. 'वाट सापडली,' असं शेकडो लोकांनी लिहिलं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो व्हिडिओ काढून टाकण्यासाठी बोट पुढे झालं, तेवढ्यात बघणाऱ्यांचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर वाढला. आजवर एवढे लोक कधीच आले नव्हते. सकाळी काढू, असं त्यानं ठरवलं. सकाळी आकडा दुप्पट झाला होता, म्हणून संध्याकाळी काढू असं ठरलं. स्पष्टच सांगायचं तर पुढचं सगळं या हावरेपणातून झालं, आणि त्याला माफी नाही.

त्या आठवड्यात लग्न ठरलेलं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला बोगद्यात उतरलं. मुलीच्या अंगात पांढरा घोळदार झगा, मुलाच्या अंगात सूट. गाळावरून तिचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. तोंडापासून इतक्या आत मोबाइल लागेना. मुलगा मदत आणायला धावला आणि दुसऱ्याच फाट्याला लागून चुकला. त्यात पाणीखात्यानं नेमके त्याच दिवशी नवे पाइप धुतले आणि ते पाणी या जुन्या बोगद्यात सोडून दिलं. अग्निशमन दलानं दोघांना बाहेर काढलं तेव्हा मुलगी कमरेइतक्या पाण्यात भिंत धरून एका पायावर उभी होती आणि ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. बाहेर गर्दी मोबाइल उंच धरून उभी होती.

बातमी वाचून फोटोवाला दुकानातल्या स्टुलावर बसला तो उठेचना. व्हिडिओ त्यानं तेव्हा काढला, माणसं वाचल्यानंतर. दरम्यान पोलिसांनी पाताळराव कोण, अशी चौकशी सुरू केली. चौकशी फार करावी लागली नाही. दोन गल्ल्यांनी अभिमानानं एकच नाव सांगितलं, आणि पोलिसांनी मेहुण्याला गमबुटांसकट दुकानातून उचललं.

बायको रडत रडत चौकीवर निघाली. फोटोवाला मागोमाग गेला. वाटेत त्याचं ठरलं. खरं सांगायचं. मुलीच्या पायाचं पाप आपलं आहे, ते आपणच उचलायचं. आणि हेही सांगायला हवं, की त्या विचारात एक गोड ठिणगी होती: आता तिला कळेल.

"साहेब," तो फौजदारांना म्हणाला, "याला सोडा. पाताळराव मी आहे."

फौजदारांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? काय करता तुम्ही?"

"पासपोर्टचे फोटो काढतो. तुमचाही काढलाय, गेल्याच महिन्यात."

"मला नाही आठवत," फौजदार म्हणाले. बाजूच्या शिपायानं हसू दाबायला खोकला काढला.

कोठडीतून मेहुणा गजांना धरून ओरडला, "साहेब, दाजी म्हणतायत ते खरंय! तेच आहेत! मी उभ्या जन्मात तळमजल्याच्या खाली उतरलेलो नाही. मी सगळ्यांना थापा मारल्या हो!"

"गप बस!" त्याची बहीण कडाडली. "लाज नाही वाटत? तुझ्यासाठी हा माणूस खोटं बोलतोय, आणि तू खुशाल त्याला पुढे करतोस?"

फोटोवाल्याचा हात खिशात गेला होता. खिशात मोबाइल होता. त्यात पाताळरावांचं खातं होतं, कुणालाही न दाखवलेले व्हिडिओ होते. काढून टेबलावर ठेवायचा अवकाश होता. तेवढ्यात बायकोनं त्याचा तो हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "माझ्या भावासाठी तुम्ही तुरुंगात जायला निघालात? तुम्ही? मला कधी वाटलं नव्हतं हो, तुमच्यात एवढी हिंमत असेल."

लग्न झाल्यापासून तिनं त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. हात खिशातून रिकामा बाहेर आला. कुणाला वाटेल, बिचाऱ्याला बोलायचं होतं पण जमलं नाही. तसलं काही नाही. त्याला न बोलणं जमलं, आणि फार छान जमलं.

घरी आल्यावर तिनं नातेवाइकांना फोन करून करून नवऱ्याचा त्याग सांगितला. शेजारी येऊन त्याचा हात हातात घेऊन गेले. जेवताना तिनं त्याला आग्रह करकरून वाढलं, आणि त्यानं घेतलं. मग बाथरूमचं दार लावून त्यानं पाताळरावांचं खातं कायमचं पुसून टाकलं. खिशात पुरावा घेऊन मोठेपणा मिरवणं बरं नव्हे, एवढं भान त्याला होतं. गमबूट त्यानं पलीकडच्या गल्लीतल्या कचऱ्यात नेऊन टाकले.

जामिनाला दोन-तीन दिवस लागतील, असं वकील म्हणाला. चौकीवर डबा पोचवायचं काम अर्थातच फोटोवाल्याकडे आलं. मेहुण्याची दाढी वाढली होती, ऐट गेली होती. नोकरीही गेल्याचा निरोप सकाळीच आला होता. डबा घेताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, एक विचारू? काल बोललात ते... खरंच तुम्हीच का हो?"

शिपाई दाराबाहेर उभा होता. बायको घरी होती. जगात निदान एका माणसाला तरी हे सांगायला हवं होतं, आणि ते ऐकायचा हक्क याच्याइतका कुणाचाच नव्हता.

"हो," तो म्हणाला. "मीच."

मेहुणा कोठडीत आल्यापासून पहिल्यांदाच खो खो हसला.

"सोडा हो दाजी. इथे ताई नाहीये, आता कुणासाठी?" फोटोवाल्याचा हात नकळत खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मेहुण्यानं डबा उघडून पहिला घास घेतला होता. "आणि तुम्ही या भानगडीत पडू नका. थापा मारायलासुद्धा छाती लागते."